बापूंची व्हॅन आणि इथेनॉलचं पेट्रोल

हल्ली महिन्यातून एकदा तरी कोणीतरी मला वर्कशॉपच्या दारात अडवून विचारतं, "मॅडम, हे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आमच्या जुन्या गाडीला चालेल का?" मी अमरावतीच्या एका आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवते, त्यामुळे विचारणाऱ्याला वाटतं, हिला पुस्तकातलं माहीत असणार. मी सांगते. रबरी पाइप बदलून घ्या, पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवू नका, कार्बोरेटरची गाडी असेल तर जेट थोडं मोठं टाका. माणूस मान हलवून जातो. हे मी कुठे शिकले ते कोणाला सांगत नाही. वर्गातल्या पोरांनाही नाही. चाळिशी उलटली की हे सगळं निवळेल असं वाटलं होतं. निवळलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा आर्णी आणि दिग्रसच्या मधे, डांबरी रस्त्यापासून आत. घरात आम्ही गोरमाटी बोलायचो. आईला याडी म्हणायचो, वडिलांना बापू, भावाला भिया. इथे त्यांचं बोलणं मी वऱ्हाडीत लिहिते आहे, कारण आमच्या बोलीत लिहिलं तर वाचणाऱ्याला कळणार नाही आणि पुस्तकी मराठीत लिहिलं तर ती माणसं मलाच ओळखू येणार नाहीत. बापूंची व्हॅन ही तांड्यातली पहिली चारचाकी. कधीकाळी पांढरी असलेली, यवतमाळच्या एका डॉक्टरकडून जुनी घेतलेली. बाजारहाट, शाळेचे मास्तर, तापानं फणफणलेली लेकरं, लग्नातली भांडी, सगळं तिच्यातून दिग्रसला जायचं आणि दिग्रसहून यायचं. सकाळी बापू चोक ओढून तिला सुरू करायचे. ती आधी खोकायची, मग गुरगुरायची, मग एका सुरात लागायची, आणि त्या सुरात याडीच्या भाकरी थापण्याचा आवाज मिसळलेला असायचा. याडीच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या होत्या. ती भाकरी थापायला बसली की त्यांचा आवाज शेजारच्या घरापर्यंत जायचा आणि शेजारीण तिकडून विचारायची, "झाल्या का वं भाकरी?" ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तव्यावर भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा आणि त्यावर जवसाचं तेल. यवतमाळच्या होस्टेलवर मला आठवायचं ते एवढंच, पण जेवणाच्या घंटेच्या वेळी नेमानं आठवायचं.

बापूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा गाडी भियाच्या हातात गेली. भिया म्हणजे माझा थोरला भाऊ प्रकाश. बारावीत अडकला, पुन्हा बसला, पुन्हा अडकला आणि मग त्यानं पुस्तकं माळ्यावर टाकली. त्यानंतर माझी दहावी झाली. मार्क चांगले पडले. यवतमाळच्या तंत्रनिकेतनात गाड्यांच्या डिप्लोमाला माझा नंबर लागला तेव्हा तांड्यातली जाणती माणसं बापूंना समजवायला आली, की पोरीच्या जातीनं लोखंडात काय हात घालायचा, हिला डी.एड.ला टाका. बापूंनी सगळ्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "तुमी पेपर वाचता तसं माही शारदी इंजिन वाचते. तिले वाचू द्या." मी आत याडीजवळ बसून ते ऐकलं. बापू एरवी मोजकं बोलणारे. त्यांनी माझ्याबद्दल चार माणसांत बोललेलं ते पहिलं वाक्य, आणि पुढची कितीतरी वर्षं मी त्याच वाक्यावर चालले. भियाही तिथेच दाराला टेकून उभा होता. त्यानं ते कसं ऐकलं हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवला नाही.

त्याच सुमारास पंपांवरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. तेव्हा ते प्रमाण आजच्यापेक्षा कितीतरी कमी होतं. पंपावर बोर्ड लागला असेल, पण तो कोणी वाचला नव्हता. आम्हाला ते गाडीनंच कळवलं. त्या पावसाळ्यात व्हॅन गचके खाऊ लागली. सपाटीवर कशीबशी जायची आणि दिग्रसच्या अलीकडे जी खिंड आहे, तिच्या चढावर जीव टाकायची. उतारू उतरून धक्का मारायचे. भियानं दिग्रसला प्लग बदलले, पॉइंट घासून घेतले, तरी तेच. मेकॅनिकनं इथेनॉलचं सांगितलं तेव्हा तांड्यात हसण्याचा विषय झाला, की सरकार गाडीले दारू पाजून राह्यलं, मग ती झिंगणार नाही तं काय. बापूही हसले आणि म्हणाले, "आमी गाळली तं केस, अन् सरकारनं टाकीत ओतली तं योजना." पण हसणं थोडा वेळच टिकलं. उतारू हळूहळू दुसऱ्यांच्या जीपमध्ये बसायला लागले. मास्तरांनी फटफटी घेतली. मी सुट्टीला आले की अंगणात व्हॅन भरदिवसा उभी दिसायची आणि भिया तिच्या दारात पाय बाहेर सोडून बसलेला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बापूंनी मला बोलावलं. "तू शिकून राह्यली ना गाड्याचं? तं पाह्य हिले काय झालं." भिया म्हणाला, "दिग्रसच्या मेकॅनिकले नाई समजलं, तं हिले काय समजन?" बापू म्हणाले, "पाहू तं दे."

मी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं आणि ती बाटली ओट्यावर ठेवून दिली. थोड्या वेळानं तळाशी वेगळा थर दिसायला लागला, वरच्यापेक्षा फिकट, पाण्यासारखा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होतात आणि तळाशी बसतात, आणि इंजिनाला पाइप जातो तो तळातूनच. हे मी वर्गात शिकले होते, पण डोळ्यांनी तेव्हा पाहिलं. आत रबरी पाइप फुगून मऊ झाले होते, नखानं दाबलं तर खूण राहायची. टाकीत गंज होता. आणि सगळं साफ केल्यावरही गाडी चढावर दम टाकत होती, कारण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तेवढ्याच हवेला थोडं जास्त लागतं, आणि हिचं कार्बोरेटर आधीच काटकसरीवर लावलेलं होतं. प्लग काढले तर ते हाडासारखे पांढरे निघाले. म्हणजे इंजिन अर्धपोटी चालत होतं आणि तापत होतं. शिवाय पेट्रोलचा पाइप सायलेन्सरला जवळजवळ खेटून गेलेला. मे महिन्यात आमच्याकडे रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. तसल्या उन्हात त्या पाइपातलं पेट्रोल उकळायचं, त्याची वाफ व्हायची, आणि वाफ इंजिनाजवळच्या पेट्रोलपंपाला ओढता येत नाही.

त्या दिवसांत सुनीता भाबी माझ्याजवळ येऊन बसायची. भियाचं लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल, तिला दिवस गेलेले, आठवा महिना लागलेला. ती पुसदकडची, हसरी, माझ्याहून थोडीच मोठी. मी गाडीच्या पुढच्या सीट उचलून आत वाकलेली असायची, कारण या व्हॅनचं इंजिन सीटखाली असतं, आणि ती सावलीत बाजेवर बसून शेंगा फोडायची. दोन दाणे स्वतःच्या तोंडात, दोन माझ्या, कारण माझे हात काळे. कार्बोरेटरमधलं जुनं जेट काढलं तेव्हा तिनं ते तळहातावर घेऊन पाहिलं. पितळेचा इवलासा तुकडा, मधे सुईएवढं भोक.

"एवढ्याशा भोकातून एवढी गाडी पेते?"

"हो. अन् ते भोक जराक लहान झालं तरी गाडी उपाशी राह्यते."

"मग माह्यासारखंच हाय तिचं," ती पोटावर हात ठेवून म्हणाली. "माहं तं दिवसभर चालूच हाय खाणं."

नवं जेट यवतमाळहून आणलं, एक नंबर मोठं. पाइप सगळे बदलले आणि सायलेन्सरपासून लांब, चेसिसच्या दुसऱ्या बाजूनं फिरवून नेले, त्यावर जाड कापडी पट्टी गुंडाळली. मग इंजिन गरम करून स्क्रू फिरवत बसले. हवा-पेट्रोलच्या मिक्श्चरचा स्क्रू कानानं लावायचा असतो. बाहेर काढत गेलं की इंजिनाचा आवाज भरत जातो, आणखी काढला की जड होतो, मग किंचित परत. बापू बाजेवर डोळे मिटून ऐकत होते. मी नेमकी जिथे थांबले तिथे त्यांनी हात वर केला. "राहू दे. हेच."

दुसऱ्या दिवशी गाडी गच्च भरून आम्ही खिंडीत गेलो. भर दुपारी, मुद्दाम. भिया चालवत होता, बापू त्याच्या शेजारी, मी मागे बायकांमध्ये. व्हॅन खिंड चढून गेली, वर पोचल्यावरही आवाज बदलला नाही. बापूंनी दिग्रसच्या बाजारातून जिलबी घेतली आणि तांड्यात घरोघरी वाटली. शारदी झाली तेव्हा वाटली नव्हती, असं याडी हसत म्हणाली.

उतारू परत आले. पण त्यांच्याबरोबर त्यांची तोंडंही आली. "काहून प्रकाश, गाडी तुही का बहिणीची?" असं रोज कोणीतरी म्हणायचं. भिया हसायचा. त्याचं हसणं नुसतं ओठांवर असायचं हे मला आज दिसतं. मग एक दिवस तो म्हणाला, "ॲव्हरेज पडलं गाडीचं."

"थोडं पडन, भिया. जेट मोठं हाय. पण उभी नाई राहणार कुठं."

"पेट्रोल मी टाकतो," तो म्हणाला, "तू नाई टाकत."

मधे काही दिवस मी ट्रेनिंगच्या कामासाठी यवतमाळला जाऊन आले. भाबीचे दिवस भरत आले होते. तिनं निरोप धाडला होता, की तू जवळ पाहिजे, म्हणून घाईनं परतले.

भाबीच्या पोटात दुखायला लागलं ते सकाळी. दाई आली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तिनं बाहेर येऊन सांगितलं, लेकरू आडवं हाय, माह्या हातचं काम नाई, दिग्रसले न्या. तांड्यावर फोनला रेंज तेव्हा कधी असायची, कधी नाही, आणि बोलावलं की गाडी येण्याचे दिवसही नव्हते ते. आमच्याकडे आमची गाडी होती. भाबीला मागच्या सीटवर आडवं केलं, तिचं डोकं याडीच्या मांडीवर, पाय माझ्या. बापू पुढे. निघालो तेव्हा इंजिनाचा आवाज मला कोरडा वाटला. मला आठवतं, वाटला होता. पण भाबी ओरडत होती आणि मी तिचे पाय धरून होते.

खिंडीच्या पायथ्याशी गचका बसला, अर्ध्या चढावर गाडी बंद पडली. भियानं स्टार्टर मारला, पुन्हा मारला. मी खाली उतरले, भिया आणि बापूंना उतरवून पुढची सीट उचलली, प्यायच्या पाण्यात फडकं भिजवून पंपावर ठेवलं. पंप थंड झाला, गाडी सुरू झाली, थोडी चढली, पुन्हा बंद. पुन्हा फडकं. पाणी संपलं. भिया माझ्याकडे पाहत नव्हता. काळजीनं असेल असं मी धरलं. बापू रस्त्यावर उन्हात उभे होते. त्यांना धड दिसत नव्हतं, ते आवाजाच्या दिशेनं वळले आणि म्हणाले, "शारदे, काय करून ठेवलं वं तू गाडीले?"

रस्ता मोकळा होता. किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. शेवटी टरबुजं भरलेला एक पिकअप आला. ड्रायव्हरनं न विचारता फाळका उघडला, टरबुजं बाजूला लोटली, त्यातली काही फुटली, आणि आम्ही भाबीला त्या ओल्यात निजवून दिग्रसला नेलं. मुलगा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं आधी आणायला पाहिजे होतं. त्या चिडून नाही बोलल्या, थकून बोलल्या. भाबी वाचली.

घरी आणल्यावर मी तिच्या अंगावर घ्यायला गरम पाणी घेऊन गेले. तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "तू नोको, शारदा. याडीले पाठव." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. तांड्यातल्या बायका विहिरीवर मी दिसले की बोलणं थांबवायच्या, आणि मी पुढे गेले की पुन्हा सुरू करायच्या. चार शब्द कानावर यायचे, पोरीनं गाडीत हात घातला, चांगली चालत होती. चांगली चालत नव्हती हे विसरायला लोकांना महिनासुद्धा लागला नाही. बापूंनी मला हाक मारणं सोडलं. जेवताना ताट माझ्यासमोर यायचं, पण आणखी भाकरी हवी का असं कोणी विचारायचं नाही. आणि यातलं काहीही मला अन्याय वाटत नव्हतं. मीच स्वतःला धरून बसले होते. जेट चुकीचं निवडलं का, पाइपाला वळण जास्त दिलं का, पट्टी सैल झाली का, हेच दिवसभर डोक्यात. भाकरीचा घास तोंडात फिरायचा आणि मी मनातल्या मनात तो पाइप टाकीपासून इंजिनापर्यंत बोटानं चाचपत जायची.

व्हॅन कडुलिंबाखाली ताडपत्री घालून उभी होती. तिला कोणी हात लावायचा नाही, असं बापूंनी सांगून ठेवलं होतं. पेरणीआधीची वखरणी चालू होती. एका दुपारी सगळे शेतात गेले, भाबी माहेरी गेलेली. मी ताडपत्री उचलली आणि गाडीखाली सरपटत शिरले.

पाइप तिथे नव्हता. मी जिथून नेला होता तिथे चेसिसवर नुसत्या क्लिपांच्या खुणा होत्या. पाइप पुन्हा पूर्वीच्या जागी, सायलेन्सरला खेटून, वर पट्टी नाही, टोकांना नवे चकचकीत क्लॅम्प. असले क्लॅम्प मी वापरलेच नव्हते. मी बाहेर आले, सीट उचलली, कार्बोरेटर उघडलं. आतल्या जेटवर जुना नंबर होता. मी आणलेलं मोठं जेट डॅशबोर्डच्या खणात एका चिंधीत बांधलेलं सापडलं.

आधी मला आनंद झाला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. त्या लेकराचं काही आठवलं नाही, भाबीचं नाही. चूक माझी नव्हती, एवढंच. मी त्या तापलेल्या पत्र्याला पाठ लावून बसले आणि कितीतरी दिवसांनी मला पोटभर श्वास घेता आला. मग उठून, दोन्ही जेटं मुठीत घेऊन शेताकडे निघाले.

भिया वखर धरून होता. मला येताना पाहून त्यानं बैल उभे केले, मी काय विचारायला आले ते माझ्या चालण्यातूनच त्याला कळलं असावं.

"पाइप कोणी काढला, भिया?"

"दिग्रसच्या मेकॅनिकनं."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

तो बैलाच्या पाठीवरची माती झटकत राहिला. "ॲव्हरेजसाठी केलं, शारदे. तो म्हणे लांब पाइपानं अन् मोठ्या जेटनं पेट्रोल खाते. मले काय माहीत असं होइन म्हून. माहंच लेकरू होतं ना ते."

"मग बोलला काहून नाई? माह्यावर आलं तवा बोलला काहून नाई?"

तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस, दोन बैलांच्या मधे उभा राहून, तोंड न झाकता. "सांगतलं मी," तो म्हणाला. "बापूले सांगतलं. त्याच दिवशी, दवाखान्याच्या मागं. त्याईनं म्हटलं, कोणाजवळ बोलू नको."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला, पण तो त्याच्यावर टिकला नाही, घराकडे वळला. घरी पोचले तेव्हा बापू नुकतेच शेतातून परतून ओसरीत अंबाडीचा दोर वळत बसले होते. डोळ्यांना दिसत नसलं तरी हे काम त्यांना जमायचं. माझी पावलं ऐकून त्यांचे हात मंदावले.

"बापू, तुमाले माहीत होतं?"

"बस."

"माहीत होतं का नाई?"

"होतं," ते म्हणाले. दोर वळणं चालू होतं. "बस म्हणतो ना."

मी बसले नाही. दोन्ही जेटं त्यांच्या शेजारी ठेवली. त्यांनी ती बोटांनी चाचपली आणि तिथेच राहू दिली. मग सावकाश, हिशेबात न चुकणाऱ्या माणसासारखं बोलले. "सुनीताले समजलं का तिच्या नवऱ्याच्याच हातून झालं, तं ती राहीन का या घरात? अन् ती गेली तं हा जगन का? घर उठन माहं. म्हून गप राह्यलो."

"अन् मी?"

"तुले कुठं इथं राहाचं हाय. आज ना उद्या तू जाशीनच. नवरा येईन, नोकरी लागन, तुहं घर येगळं होइन. त्याईले इथंच जलम काढाचा हाय." आणि थोडं थांबून म्हणाले, "तू शिकलेली हाय, शारदे. तुले सहन होते."

मला वाटतं त्यांच्या मनानं ते माझं कौतुकच होतं. म्हणूनच ते माझ्या मनातून अजून निघत नाही.

मी कोणाला सांगितलं नाही. यात मोठेपणा नव्हता. सांगून लेकरू परत येणार नव्हतं हे एक, आणि दुसरं असं, की कधीतरी बापू स्वतः चार माणसांत सांगतील अशी वाट मी पाहत होते. पुढे त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, त्यांना स्वच्छ दिसायला लागलं, ते माझ्याकडे अमरावतीला येऊन राहून गेले, माझं वर्कशॉप त्यांनी फिरून पाहिलं, पोरांना विचारलं, की मॅडम मारत तं नाई ना. सांगितलं नाही. वारण्याआधी काही दिवस त्यांनी मला जवळ बसवून घेतलं होतं, हात हातात घेतला होता, आणि मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी पाणी मागितलं.

भाबीला पुढे दोन मुली झाल्या. ती माझ्याशी आता बोलते, जेवायला वाढते, आग्रहही करते. मोठीच्या साखरपुड्याला मी माझी गाडी घेऊन गेले होते. पाहुण्यांना रस्त्यापर्यंत सोडायचं होतं, पोरी हसत येऊन माझ्या गाडीत बसल्या. भाबी घरातून आली, दार उघडलं आणि त्यांना म्हणाली, "उतरा. आत्याच्या गाडीत नाई." सगळ्यांसमोर, सौम्य आवाजात. भिया तिथेच खुर्च्या एकावर एक रचत होता. त्यानं आणखी एक खुर्ची उचलली.

लेकरू गेलं त्या उन्हाळ्यात कॉलेज उघडायला अजून अवकाश होता, तरी मी निघाले. बापू दिसले नाहीत, शेताकडे गेले असतील. याडी मला डांबरी रस्त्यापर्यंत सोडायला आली. माझी बॅग तिनं डोक्यावर घेतली, मी घेते म्हटलं तर दिली नाही. हातात वायरची पिशवी होती, तिच्यात शिदोरी. वाटेत ती लिंबाच्या लोणच्याबद्दल बोलली, शेळीबद्दल बोलली. फाट्यावर आम्ही बाभळीच्या तुटक्या सावलीत उभ्या राहिलो. लांबून एसटीचा आवाज आला तेव्हा मी तिला विचारलं.

"याडी, तुलेबी माहीत होतं?"

तिनं बॅग खाली उतरवली, तिच्यावरची धूळ पदरानं पुसली. एसटी दिसायला लागली होती. तिनं हात दाखवून ती थांबवली, वायरची पिशवी माझ्या हातात दिली आणि माझी बोटं तिच्या बंदाभोवती घट्ट मिटवली.

"भाकरी वर ठेवली हाय," ती म्हणाली. "पिशवी उभीच धरजो. ठेचा सांडन."

मी चढले. यवतमाळपर्यंत मी ती पिशवी मांडीवर उभी धरून बसले.